गोलाग्र ठळक मुद्राक्षर

गोलाग्र ठळक मुद्राक्षर : ज्या मुद्राक्षरांच्या रेषा जाड व सर्वत्र जवळजवळ सारख्याच रुंदीच्या असतात, ज्यांना सेरिफ नसतात आणि ज्यांच्या रेषांची टोके सपाट न कापता अर्धवर्तुळाकार ठेवलेली असतात, अशा मुद्राक्षरांना गोलाग्र ठळक मुद्राक्षरे म्हणतात. सेरिफ म्हणजे रोमन लिपीतील अक्षरांच्या मुख्य रेषांच्या टोकांशी काढलेली बारीक आडवी रेघ. दुकानांच्या पाट्या, मालाची वेष्टने, लहान मुलांची पुस्तके, यंत्रांचे कळफलक व उद्योगसंस्थांची बोधचिन्हे यांवर ही अक्षरे विशेषेकरून आढळतात. दीर्घ मजकुराच्या छपाईसाठी ती सहसा वापरीत नाहीत. अक्षराचे गोल टोक ही मुळात हत्याराने मागे ठेवलेली खूण होती. पुढे तीच खूण विशिष्ट भाव व्यक्त करण्यासाठी हेतुपूर्वक निवडली जाऊ लागली. या अक्षरवळणाचा इतिहास हा मुख्यतः या स्थित्यंतराचा इतिहास आहे.

स्वरूप : वर्तुळाकार कुंचला किंवा जाड टोकाची लेखणी कागदावर सरळ ओढून उचलली असता जशी रेषा उमटते, तशी या अक्षरांची रेषा असते. रेषेची जाडी हा टोकाच्या अर्धवर्तुळाचा व्यास होय. ठळक प्रकारात ही जाडी मोठ्या रोमन अक्षराच्या उंचीच्या साधारणपणे पाचव्या हिश्श्याच्या आसपास असते. वरवर पाहता हे वळण अत्यंत सोपे वाटते. परंतु सपाट टोकाच्या अक्षराची टोके केवळ गोल केल्याने चांगले गोलाग्र अक्षर तयार होत नाही. टोकाशी असलेल्या आयताच्या जागी अर्धवर्तुळ आले, की त्या भागाचे सु. २१ टक्के क्षेत्रफळ कमी होते. साहजिकच रेषा मोजून तेवढ्याच उंचीची असली, तरी डोळ्यास आखूड भासते. म्हणून गोल टोके आधाररेषेच्या थोडी खाली व शीर्षरेषेच्या थोडी वर नेतात. आडव्या रेषा उभ्या रेषांपेक्षा किंचित बारीक काढतात. दोन्ही मोजून सारख्या ठेवल्या, तर आडवी रेषा अधिक जाड दिसते. दोन रेषा जेथे मिळतात तेथे काळेपणा साचू नये म्हणून सांध्याजवळ रेषा निमुळती करतात.

ठळकपणामुळे उद्‌भवणारी अडचण याहून मोठी आहे. रेषा जितकी जाड, तितकी अक्षराच्या पोटातील मोकळी जागा कमी होते. ए, एस्, जी यांसारखी रोमन अक्षरे लहान आकारात छापल्यास ही जागा बुजते व ती एकमेकांसारखी दिसू लागतात. यामुळे गोलाग्र ठळक अक्षर हे प्रामुख्याने शीर्षकाचे व फलकाचे अक्षर ठरले आहे.

उगम : यूरोपीय मुद्रणाच्या पहिल्या साडेतीन शतकांत गोल टोकाला प्रतिष्ठा नव्हती. पोलादी ठसा कोरणाऱ्या कारागिराचे कौशल्य अक्षराच्या तीक्ष्ण कोपऱ्यांवरून व बारीक रेषांवरून पारखले जाई. शिशाच्या मिश्रधातूचा खिळा वारंवार वापरल्याने झिजला, की त्याचे कोपरे गोल होत. त्यामुळे जुळाऱ्याच्या दृष्टीने गोल कोपरा म्हणजे खिळे वितळवून नवे ओतण्याची वेळ आल्याचे लक्षण होते. सेरिफविरहित मुद्राक्षर १८१६ च्या सुमारास लंडनमधील चौथा विल्यम कॅझलॉन याच्या ओतशाळेच्या नमुनापुस्तकात प्रथम दिसते. त्याचीही टोके सपाटच होती.

गोल टोक प्रथम आले ते फिरत्या कर्तकामुळे. डॅरियस वेल्स याने १८२७ मध्ये न्यूयॉर्क येथे लाकडात मोठी अक्षरे कोरण्यासाठी फिरत्या कर्तकाचा वापर केला आणि १८२८ मध्ये लाकडी अक्षरांची सूची प्रसिद्ध केली. विल्यम लेव्हनवर्थ याने १८३४ मध्ये या कर्तकाला पँटोग्राफची जोड दिली. पँटोग्राफ म्हणजे एका आकृतीवरून दुसरी लहान वा मोठी आकृती काढण्याचे सांधेजोड साधन. फिरते कर्तक आतल्या बाजूस काटकोन कोरू शकत नाही. तेथे त्याच्या त्रिज्येएवढी गोलाई राहतेच. तीक्ष्ण कोपरा हवा असल्यास तो नंतर हाताने साफ करावा लागे.

धातूच्या व प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर अक्षरे खोदणाऱ्या यंत्रांत हीच गोष्ट अधिक स्पष्ट झाली. इंग्लंडमध्ये लेस्टर येथील टेलर, टेलर अँड हॉब्सन आणि अमेरिकेत रॅसीन (विस्कॉन्सिन) येथील जॉर्ज गॉर्टन मशीन कंपनी यांनी अशी यंत्रे तयार केली. त्यांच्या साच्यांवरून काढलेली अक्षरे कारखान्यांतील नियंत्रणफलक, यंत्रांच्या नावपट्ट्या व कळफलक यांवर विसाव्या शतकात सर्वत्र पसरली. या पद्धतीत कर्तक अक्षराच्या मध्यरेषेवरून एकदाच फिरते. कर्तकाचा व्यास हीच रेषेची जाडी आणि कर्तक जेथे थांबते ते टोक आपोआप अर्धगोल होते. जाड अक्षर हवे असल्यास साचा न बदलता जाड कर्तक लावले, की काम भागे. या अक्षरांचा कर्ता म्हणून कोणा एका कलावंताचे नाव सांगता येत नाही. त्यांना वळण दिले ते यंत्राने.

अभियांत्रिकी आराखड्यांवरील अक्षरांचीही हीच कथा आहे. अमेरिकेतील कॉयफेल अँड एसर या कंपनीच्या लेरॉय संचात खाचा पाडलेल्या पट्टीवरून एक सुई फिरवीत आणि तिला जोडलेली नळीदार लेखणी कागदावर अक्षर उमटवी. नळीचे तोंड गोल असल्याने रेषेचे टोकही गोल येई. तांत्रिक आराखड्यांवरील अक्षरांसंबंधीचे आंतरराष्ट्रीय मानक १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात रेषेची जाडी अक्षराच्या उंचीच्या एक चौदांश किंवा एक दशांश ठरविण्यात आली. निऑन दिव्यांच्या पाट्या हे आणखी एक उगमस्थान होय. झॉर्झ क्लोद याने १९१० मध्ये पॅरिस येथे निऑन नळीचे प्रात्यक्षिक दाखविले. तापवून वाकविलेली काचेची नळी तीक्ष्ण कोपरा घेत नाही. त्यामुळे रात्रीच्या शहरातील प्रकाशाची अक्षरे गोलच राहिली.

छायाजुळणी व घासून उमटवायची अक्षरे : खिळ्यांऐवजी फिल्मवर प्रकाशाच्या साह्याने अक्षरे उमटविण्याची छायाजुळणीची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आली. तिच्यामुळे नवे अक्षरवळण बाजारात आणण्याचा खर्च पुष्कळच कमी झाला. १९६१ पासून लेट्रासेट या ब्रिटिश कंपनीची, पारदर्शक कागदावरून घासून उमटवावयाची अक्षरे मिळू लागली. परिणामी लहान जाहिरातदारालाही शीर्षकासाठी ठसठशीत अक्षरे स्वस्तात उपलब्ध झाली. बॉब न्यूमन याने १९७० मध्ये लेट्रासेटसाठी केलेले फ्रँकफुर्टर हे वळण या काळाचे ठळक उदाहरण आहे. त्याची फुगीर अक्षरे त्याच नावाच्या मांसाच्या नळकांडीसारखी दिसतात. येथे गोलपणा हत्याराने लादलेला नव्हता. तो गंमत म्हणून निवडलेला होता. १९५७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेल्या व पुढे हेल्व्हेटिका या नावाने जगभर पसरलेल्या कोरीव, तटस्थ वळणाचीही गोलाग्र आवृत्ती १९७८ मध्ये निघाली.

या प्रसाराला एक व्यावहारिक कारण होते. शाई कागदात पसरली, प्रकाश फिल्मवर किंचित विखुरला किंवा प्लॅस्टिकचा पत्रा साच्यावर नीट बसला नाही, की अक्षराचे कोपरे बोथट होतात. तीक्ष्ण वळणाचे सौंदर्य अशा वेळी बिघडते. जे अक्षर मुळातच गोल आहे, त्याची मात्र फारशी हानी होत नाही. वर्तमानपत्री कागद, पत्र्याची पाटी, कापडी फलक व प्रकाशित पेटी या सर्वांवर एकच अक्षर सारखेच दिसावे, अशी ज्यांची गरज होती, त्यांना हे वळण सोयीचे वाटले.

फोक्सवॅगनचे अक्षर : ही गरज व सौम्य भाव या दोहोंचा मेळ घालणारे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे व्हीएजी राउंडेड होय. जर्मनीतील फोक्सवॅगन कंपनीच्या जाहिरातींत फ्यूचरा हे भूमितीवर आधारलेले सेरिफविरहित वळण रूढ होते. तिच्या समूहात आलेल्या आउडीसाठी टाइम्स हे सेरिफयुक्त वळण वापरीत. दोन्ही मोटारींची विक्री व्ही. ए. जी. या एकाच नावाखाली एकाच दुकानातून होऊ लागली, तेव्हा पाटीवर कोणते अक्षर ठेवावे असा प्रश्न निर्माण झाला. यांपैकी एक वळण निवडणे म्हणजे दुसऱ्या नाममुद्रेला गौण ठरविणे होते. यातून मार्ग काढण्यासाठी सेडली प्लेस या संकल्पनसंस्थेतील डेव्हिड ब्रिस्टो, जेरी बार्नी व त्यांचे सहकारी यांनी एक स्वतंत्र गोलाग्र वळण तयार केले आणि १९७९ मध्ये ते वापरात आले. यांपैकी बार्नी याने त्यापूर्वी ब्रिटिश रेल्वेचे दुहेरी बाणाचे बोधचिन्ह रेखाटले होते. नव्या वळणाचा सांगाडा भौमितिक होता. मात्र टोके गोल असल्याने त्याला यंत्राचा कोरडेपणा उरला नाही. अनेक देशांतील विक्रेत्यांना आपापल्या गावात, मिळेल त्या साधनांनी पाट्या करून घेणेही त्यामुळे सोपे झाले.

अडोबी या कंपनीने १९८९ मध्ये हे वळण संगणकासाठी खुले केले. त्यानंतर ज्या संस्थेसाठी ते घडविले होते, तिच्याशी असलेले त्याचे नाते सुटत गेले. विक्रेत्यांचे संयुक्त नाव मागे पडले व फोक्सवॅगन पुन्हा फ्यूचराकडे वळली. अक्षर मात्र जगभर फिरत राहिले. ॲपल कंपनीच्या अनेक संगणकांच्या कळफलकांवर ते वर्षानुवर्षे होते. २०१५ पासून त्याची जागा सॅन फ्रॅन्सिस्को या वळणाने घेतली. एका व्यापारसमूहाचा खास आवाज म्हणून जन्मलेले अक्षर अशा रीतीने सर्वांचे झाले. त्याच्याकडे पाहून आज बहुतेक वाचकांना मोटारी आठवत नाहीत.

जपानमधील परंपरा : जपानी मुद्रणात गोलाग्र वळणाला स्वतंत्र स्थान आहे. तेथे त्याला मारू गोथिक म्हणतात. मारू म्हणजे गोल आणि गोथिक म्हणजे सेरिफविरहित सारख्या जाडीचे अक्षर. मोकिची इशिई व नोबुओ मोरिसावा यांनी १९२४ मध्ये छायाजुळणी यंत्राच्या एकस्वासाठी अर्ज केला. पुढे छायाजुळणीच्या क्षेत्रात हे वळण चांगलेच रुजले. रस्त्यांवरील दिशादर्शक फलकांतही ते मोठ्या प्रमाणावर दिसते. जपानी लिपीतील एकेका चित्राक्षरात वीसहूनही अधिक रेषा असू शकतात. सर्व अक्षरे एकाच जाडीने काढल्यास दाट अक्षरे काळ्या ठिपक्यांसारखी दिसतील. म्हणून अक्षरातील रेषांची संख्या वाढेल तशी जाडी कमी करतात व जाडी एकच आहे असा केवळ भास निर्माण करतात. गुंतागुंतीच्या अक्षरांच्या लिपीत गोलाग्र ठळक वळण आणावयाचे असल्यास काय करावे लागते, याचा हा उपयुक्त धडा आहे.

भाव व मर्यादा : गोल टोकाचे अक्षर सौम्य, आपुलकीचे व निरुपद्रवी वाटते, ही केवळ जाहिरातदारांची समजूत नाही. व्होल्फगांग कलर या मानसशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये एक टोकदार व एक गोलसर आकृती आणि दोन निरर्थक शब्द यांची सांगड घालण्याचा प्रयोग मांडला. विलयनूर रामचंद्रन व एडवर्ड हबर्ड यांनी २००१ मध्ये त्याची पुन्हा चर्चा केली. बहुसंख्य लोक मृदू ध्वनींचा शब्द गोलसर आकृतीला देतात. मोशे बार व मायटल नेटा यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही लोकांनी टोकदार वस्तूंपेक्षा वक्र कडांच्या वस्तूंना अधिक पसंती दिल्याचे आढळले. संगणकाद्वारे घरोघरी पोहोचणाऱ्या सेवांनी या प्रवृत्तीचा पुरेपूर उपयोग करून घेतला. २००३ ते २०२५ या काळात चाललेल्या स्काइप या दूरसंभाषण सेवेचे नाव अनेक वर्षे गोलाग्र ठळक अक्षरांतच लिहिले जाई. २०१० मध्ये डीआयएन या जर्मन मानक वळणाची गोलाग्र आवृत्ती निघाली. मुळात कारखाने व रस्ते यांच्यासाठी आखलेल्या कोरड्या अक्षरालाही त्यामुळे मवाळ रूप मिळाले.

तथापि अक्षराची मृदुता ही संस्थेच्या वर्तनाची साक्ष नव्हे. करारातील जाचक अटी, कर्जाचे मागणीपत्र किंवा औषधाचा इशारा गोल अक्षरांत छापला म्हणून त्यातील आशय सौम्य होत नाही. उलट वाचक बेसावध राहण्याचा संभव असतो. धोक्याच्या सूचनेला लागणारी निकड या वळणात सहज येत नाही. शिवाय सर्वच संस्थांनी एकच सौम्य चेहरा धारण केला, की त्या चेहऱ्याने ओळख पटत नाही. ज्या गुणासाठी हे वळण निवडले जाते, तोच गुण अतिवापराने क्षीण होतो.

देवनागरीतील गोलाग्र वळण : देवनागरी लिपीचे परंपरागत वळण तिरप्या कापाच्या बोरूने घडविले आहे. रेषा कोठे जाड, कोठे बारीक असते व तिचे टोक तिरके येते. १८६९ मध्ये जावजी दादाजी यांनी मुंबईत स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांनी हेच वळण छपाईत स्थिर केले. मराठी वाचकाच्या मनात शुद्ध व सुबक छपाईची कल्पना दीर्घकाळ या खिळ्यांशीच निगडित होती. गोल टोकाची जाड अक्षरे छापखान्याबाहेर, पेंटरने कुंचल्याने रंगविलेल्या दुकानांच्या पाट्यांवर दिसत.

खिळ्यांच्या छपाईत देवनागरीला गोलाग्र करण्यात एक मूलभूत अडथळा होता. शब्दावरची शिरोरेषा सलग दिसावी म्हणून प्रत्येक खिळ्यावर ती थेट कडेपर्यंत सपाट न्यावी लागे. तिची टोके गोल केली असती, तर प्रत्येक दोन अक्षरांच्या मध्ये वर व खाली खाच पडली असती. संगणकीय अक्षरांत शेजारच्या दोन शिरोरेषा एकमेकींवर चढविता येतात. हे अतिव्यापन रेषेच्या जाडीएवढे ठेवले, की खाच नाहीशी होते आणि शब्दाच्या आरंभी व शेवटी मात्र गोल टोक राहते. दुसरी अडचण उभ्या रचनेची आहे. रोमन अक्षर प्रायः एका पट्ट्यात बसते. देवनागरीत मुख्य अक्षराच्या वर मात्रा, अनुस्वार व रफार, तर खाली उकार व ऋकार येतात. द्ध, ष्ट्र, क्ष्म, ज्ञ यांसारख्या जोडाक्षरांत तर एकाच अक्षराच्या जागेत अनेक रेषा दाटतात. रेषा जाड होताच न, म, भ यांतील गाठी बुजतात आणि घ व ध, भ व म यांतील सूक्ष्म भेद संकटात येतो. जपानी अक्षरकारांप्रमाणेच येथेही अक्षरागणिक जाडी बदलावी लागते.

या दृष्टीने मुंबईतील एक टाइप या अक्षरसंकल्पकांच्या गटाचे बलू हे वळण उल्लेखनीय आहे. विसाव्या शतकानंतरच्या दुसऱ्या दशकाच्या मध्यास ते मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाले. ते अत्यंत ठळक, गोलसर असून देवनागरीबरोबरच गुजराती, बंगाली, गुरुमुखी, ओडिया, तमिळ, तेलुगू, कन्नड व मलयाळम् या लिप्यांतही काढलेले आहे. निरनिराळ्या लिप्यांतील आवृत्त्यांना त्या त्या भाषेत भावाला हाक मारण्याचे शब्द जोडले आहेत, जसे भाई, दा, थंबी, चेट्टन, पाजी. पुढे बलू २ या आवृत्तीत त्याला कमी जाडीची रूपेही मिळाली. रोमन अक्षर आधी काढून भारतीय लिप्या मागाहून त्याच्या मापात बसविण्याची रूढ रीत सोडून, प्रत्येक लिपीची घडण लक्षात घेऊन समान भाव साधण्याचा हा प्रयत्न आहे.

या प्रश्नाला महाराष्ट्रात व्यावहारिक महत्त्वही आहे. राज्यातील दुकाने व आस्थापना यांविषयीच्या २०१७ च्या अधिनियमात २०२२ मध्ये सुधारणा करण्यात आली. तीनुसार नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत असणे आणि त्यावरील मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसणे आवश्यक आहे. परंतु मोजपट्टीने सारखी असलेली अक्षरे डोळ्याला सारखी दिसतातच असे नाही. रोमन गोलाग्र अक्षराच्या उंचीत देवनागरी अक्षर मात्रा-उकारांसह कोंबले, तर नियम पाळला जातो, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला मराठी नाव वाचता येत नाही. अशा पाटीवर देवनागरी अक्षराला अधिक उंची, अधिक मोकळे पोट व थोडी बारीक रेषा द्यावी लागते. हत्याराची खूण म्हणून आलेले गोल टोक आता संकल्पकाच्या इच्छेवर अवलंबून आहे. ते देवनागरीस शोभेल की तिला बुजवील, हे टोकाच्या गोलाईपेक्षा अक्षराच्या आत राखलेल्या मोकळ्या जागेवर ठरते.